भरदिवसा ताऱ्यांचा वेध

लातूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, रात्र

एसआर-७१ ब्लॅकबर्ड या अमेरिकी टेहळणी विमानाचा विचार आज दिवसभर मनात होता. त्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९६४ मधले, आणि जीपीएसचा पहिला उपग्रह अवकाशात गेला तो १९७८ मध्ये. म्हणजे ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाच्या या विमानाला सुरुवातीची कित्येक वर्षे असा आधारच नव्हता. लातूर ते छत्रपती संभाजीनगर हे सरळ रेषेतले सुमारे २१० किलोमीटर त्याने चार मिनिटांच्या आत कापले असते, आणि तेवढ्यात दिशेची एका अंशाची चूक त्याला साडेतीन किलोमीटरहून अधिक बाजूला घेऊन गेली असती.

मूळ भिस्त जडत्वावर होती. त्वरणमापक वेगातला प्रत्येक बदल टिपतात, जायरोस्कोप दिशा धरून ठेवतात आणि त्वरणाचे दोनदा संकलन करून, म्हणजे त्वरणातून वेग आणि वेगातून अंतर काढत, संगणक स्थान काढतो. बाहेरून काहीच येत नसल्याने या पद्धतीत कोणी अडथळा आणू शकत नाही. मात्र आतली चूक वाढतच जाते. त्वरणात सेकंदवर्गाला एक मिलिमीटर इतकी चूक राहिली, तरी दहा मिनिटांत स्थान सुमारे १८० मीटर सरकते.

यावरचा इलाज मला फार सुंदर वाटतो. कॉकपिटच्या मागे, क्वार्ट्झच्या खिडकीखाली बसवलेली दुर्बीण ठळक ताऱ्यांचा वेध घेई, तोही भरदिवसा, कारण पंचवीस किलोमीटर उंचीवर हवा विरळ होऊन आकाश काळपट होते. आमच्याकडे रात्री रब्बीला पाणी देणारी माणसे तिकांडे, म्हणजे मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे, किती कलले यावरून वेळ ओळखत. इथे उलट वेळ आधीच अचूक ठाऊक असावी लागते. पृथ्वी सेकंदाला पंधरा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फिरते, म्हणून घड्याळ एक सेकंद चुकले, तर आपल्या अक्षांशावर स्थान सुमारे ४४० मीटर चुकते.

ध्वनीच्या पाचपटीपुढे मात्र हाही मार्ग अवघड होतो, कारण खिडकी तापते आणि तिच्यासमोरची दाबलेली, तप्त हवा ताऱ्याचा प्रकाश वाकवते. त्याहून कितीतरी अधिक वेगात, जसे अवकाशयान वातावरणात परतताना, भोवतीच्या हवेचे आयनीभवन होऊन, म्हणजे तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होऊन, रेडिओलहरीही अडतात. तिथे पुन्हा जडत्वावरच विसंबावे लागते. म्हणून लेसरने थंड केलेल्या अणूंच्या साहाय्याने त्वरण मोजण्याचे जे प्रयोग चालू आहेत, त्यांच्याकडे मी मोठ्या आशेने पाहतो.