लाकडी वाड्याचं ऑडिट आणि काँक्रीटचा तक्ता

‘रिबाउंड हॅमरचे आकडे कुठे आहेत?’ हा प्रश्न वाड्याच्या ऑडिटच्या फाइलसाठी पालिकेतल्या एका टेबलासमोर मी इतक्यांदा ऐकलाय की आजही आठवला तरी डोकं तापतं. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. आमचा वाडा सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटाचा (लाकडी कड्या-फळ्यांच्या छताचा), भिंती विटा-मातीच्या. त्यात काँक्रीट शोधूनही सापडणार नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या २६५अ कलमाप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची रचना नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासून घ्यावी लागते. आमच्या शेजारचा वाडा पाडला, तेव्हा आम्हालाही नोटीस आली. नोटिशीबद्दल माझी काही तक्रार नाही. वाड्यात आम्ही आणि दोन भाडेकरू कुटुंबं राहतो, घर सुरक्षित आहे की नाही हे आम्हालाही कळायलाच हवं होतं. आधी भेटलेले इंजिनिअर सोप्यात, म्हणजे वाड्याच्या पुढच्या पडवीत, उभे राहून वर बघत ‘पाडा’ म्हणाले. त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारा: लाकडी कामाची तपासणी केली आहे का, आणि कशी करता? आम्हाला शेवटी जे मिळाले, ते येताना जुन्या वाड्यांची कामं केलेल्या सुतारमामांना बरोबर घेऊन आले. तिथंच मला विश्वास वाटला.

त्यांनी प्रत्येक खांबाला आणि तुळईला नंबर दिला. मग मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, ठोकत गेले. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द वाजतं. संशय आला तिथं टोच्या (टोकदार लोखंडी सळी) घातला, बारीक ड्रिल मारून भुसा हातावर घेतला. चांगल्या सागाचा कोरडा कीस निघतो, कुजलेल्याचा काळपट ओलसर चुरा. ओलाव्याचं मीटर सोप्यात १३ टक्क्यांच्या आसपास दाखवत होतं. मागच्या मोरीशेजारी, जिथं तुळईचं टोक भिंतीत शिरतं, तिथं ते २८ वर गेलं. २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, असं ते म्हणाले. टोच्या तिथं सहज आत गेला. तुळईचा मधला भाग मात्र टणक होता.

लाकडी घर कशानं पडतं, हे मला त्या दिवशी समजलं. मधे थोडी वाकलेली तुळई डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिला घाबरतो. पण वर्षानुवर्षं भार सोसून लाकूड वाकतंच, आणि ते वाकणं थांबलेलंही असू शकतं. खरा धोका टोकांना असतो, सांध्यांना असतो, खांबाच्या पायाशी असतो, जिथं पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. पूर्वी आमचे खांब दगडी तळखड्यावर जमिनीपासून उंच उभे होते. नंतर कधीतरी फरशी घालताना जमीन वाढली, तळखडे तिच्यात गडप झाले आणि खांबांचे पाय ओलीत राहिले. भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, वर ऑइलपेंट लागला, आतली ओल आतच कोंडली. माडीवर मातीच्या जागी सिमेंटमध्ये शहाबादी बसवली. दोन इंच माल आणि वर एक इंच दगड म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे वजन. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्याच्या जवळजवळ तेवढाच हा कायमचा बोजा. शेजारचा वाडा गेल्यामुळे सामाईक भिंतीचा आधारही सुटला होता, म्हणून ओळंबा सोडून खांबांचा कल मोजला आणि भिंतीतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग हलली तर काच तडकते.

इतकं सगळं अहवालात लिहून आम्ही तो पालिकेच्या आवक विभागात दिला. तिथून पुढं सगळं अडलं.

पालिकेच्या छापील तक्त्यात रकाने होते: अल्ट्रासोनिक, रिबाउंड हॅमर, हाफसेल, कार्बोनेशन, कोअर. सगळ्या काँक्रीटच्याच चाचण्या. हाफसेल म्हणजे काँक्रीटमधल्या सळईच्या गंजाची चाचणी. आमच्याकडे सळईच नाही. इंजिनिअरांनी प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं, तर त्रुटीपत्र आलं: ‘चाचण्यांचे निष्कर्ष जोडलेले नाहीत.’ मी जाऊन सांगितलं, वाडा लाकडी आहे. टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘ताई, रकाना मोकळा ठेवून फाइल वर जात नाही.’ पुन्हा पत्र दिलं, पुन्हा तीच त्रुटी. कधी साहेब साइटवर गेलेले असत, कधी रजेवर. पावसाळा तोंडावर होता, मोरीजवळच्या तुळईखाली आम्ही लोखंडी टेकू लावून बसलो होतो. दुरुस्तीची परवानगी रचना तपासल्याच्या दाखल्यावर अडलेली आणि दाखला त्या रकान्यांवर!

मग कुणीतरी सुचवलं, गिलाव्याच्या भिंतीवर हॅमर मारा आणि येतील ते आकडे भरा, फाइल पुढं जाईल. आमच्या इंजिनिअरांनी साफ नकार दिला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विटेवरचा आकडा कमी येणार. तो कमकुवत काँक्रीट म्हणून वाचला गेला असता तर वाडा थेट सी-१ वर्गात, म्हणजे अतिधोकादायक, रिकामा करून पाडायचा. भाडेकरू काका सत्तरीच्या पुढचे आहेत. ते गेले असते कुठं? तुम्हाला असा सल्ला मिळाला तर अजिबात ऐकू नका.

शेवटी वाट निघाली ती एका वाक्यानं. पालिकेच्या उपअभियंत्यांच्या नावानं आम्ही वेगळा अर्ज केला: ‘तक्त्यात लाकडी रचनेसाठी रकाना नाही, तरी अहवाल कोणत्या पद्धतीने सादर करावा हे लेखी कळवावे, तसेच स्थळपाहणी करावी.’ तोवर आम्ही उत्तरं देत होतो, आता उत्तर त्यांना द्यायचं होतं. सोबत परिशिष्ट जोडलं. त्यात नंबरवार प्रत्येक तुळई, तिचं माप, ओलावा, टोच्या किती आत गेला, शिल्लक निरोगी लाकूड किती, आणि लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ या मानकाप्रमाणे ते किती भार घेईल याचं गणित. पट्टी धरून काढलेले फोटोही होते.

उपअभियंता स्वतः आले. शांत माणूस. त्यांनी टोच्या मागून घेतला, कुजलेल्या टोकात घातला, मग हातभर पुढं घातला, तिथं तो शिरला नाही. म्हणाले, ‘टोक बदला, तुळई चांगली आहे.’ वाडा सी-२-बी वर्गात गेला, म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती. मला त्या दिवशी फार मोकळं वाटलं.

दुरुस्ती त्यामानानं सरळ झाली. कुजलेलं टोक कापून वाळलेल्या सागाचा तुकडा पोलादी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जोडला, खांबांचे पाय मोकळे केले, मोरीचा नळ भिंतीबाहेरून नेला, गिलावा चुन्याचा केला.

राहिलेलं सांगते. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, तोंडी उत्तरावर परत फिरू नका. सुतारमामांचा दिवसाचा रोज इंजिनिअरच्या फीपेक्षा वेगळा धरा. आणि ओलाव्याचं मोजमाप मे महिन्यात करून भागवू नका. उन्हाळ्यात कुजलेलं टोकही वाळून मीटरवर चांगला आकडा दाखवू शकतं. पावसाळ्यात किंवा पाऊस संपल्यासंपल्या पुन्हा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखांसकट अहवालात लिहून घ्या.