शून्य खर्चाचं घर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही, मग आरोग्यावर संशोधन कसलं करता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे भेटतो. मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत समोरचा बहुधा "बरं, मेडिक्लेम कुठला घेऊ?" इथवर पोचलेला असतो, म्हणून हे एकदा लिहूनच काढते.

आजारपणाचे पैसे कोण भरतं, कशातून भरतं आणि ज्याला भरता येत नाहीत त्याचं पुढे काय होतं, एवढाच माझा विषय. याला आरोग्याचं अर्थशास्त्र म्हणतात. मी मूळची जळगाव जिल्ह्यातली. एम.ए.ला असताना केळीच्या भावांवर काम करायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या सुमारास ग्रंथालयात रवी दुग्गल आणि सुचेता अमीन या संशोधकांचा १९८९ सालचा अहवाल हाती लागला. घराघरांत जाऊन दवाखान्याच्या खर्चाची केलेली पाहणी होती ती, आणि जिल्हा होता जळगाव. आपल्या जिल्ह्याचं नाव दिसलं म्हणून उचलला, खरं कारण तेवढंच. आरोग्यावर सरकार जे खर्च करतं त्याच्या कितीतरी पट लोक स्वतःच्या खिशातून घालतात, हे त्यात आकड्यांत मांडलेलं होतं. केळी राहिली ती राहिलीच.

शास्त्र म्हणून या विषयाची सुरुवात अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांच्या १९६३ च्या लेखापासून धरतात. भाजी घेताना आपण चार जुड्या उलटसुलट करून बघतो. दवाखान्यात काय घ्यायचं, किती घ्यायचं हे विकणाराच ठरवतो, आणि घेतलेलं बरं निघालं की वाईट हे घेतल्यावरही धड कळत नाही. त्यामुळे इथे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीवर पुढची साठ वर्षं आम्ही सगळे जगतो आहोत.

बाहेरून ग्लॅमर नाही, आतून तर मुळीच नाही. आमचं रोजचं हत्यार म्हणजे प्रश्नावली. राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे सरकार देशभर घरोघरी जाऊन करतं ती पाहणी, तिची आरोग्याची प्रश्नावली कधी मिळाली तर जरूर बघा. रुग्णालयात दाखल झाल्याचं विचारायचं ते गेल्या ३६५ दिवसांचं, आणि साध्या दुखण्याचं गेल्या १५ दिवसांचं. मग खर्चाचे रकाने: डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, खाटेचं भाडं, रुग्णाला नेण्याआणण्याचा खर्च, सोबतच्यांचं खाणं-राहणं. त्यापुढे पैसा आला कुठून: कमाई आणि शिल्लक, कर्ज, काही विकलं का, नातेवाइकांनी दिले का. २०१७-१८ च्या फेरीत एका वेळच्या दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला आणि खासगीत ३१,८४५. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं हसतात, कारण त्यांच्या घरचं ताजं बिल त्यांना आठवत असतं.

मला मात्र त्या सरासरीपेक्षा शून्यांनी जास्त छळलं. समजावून सांगते.

घराच्या एकूण खर्चातला दहा टक्क्यांहून जास्त भाग औषधपाण्यावर गेला, तर तो कंबरडं मोडणारा खर्च, असं जगभर धरतात. आता मराठवाड्यातल्या एका गावातली शेजारशेजारची दोन घरं घ्या. एका घरी दोन एकर कोरडवाहू. म्हाताऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, बैलजोडी विकली, सुनेची पोत गहाण पडली. हे घर आमच्या हिशेबात कंबरडं मोडलेलं. पलीकडचं घर मजुरीवर चालणारं. नवऱ्याला हर्निया, पट्टा बांधून पोती उचलतो. दाखल झाले होते का? नाही. गेल्या १५ दिवसांत उपचार घेतला का? नाही. खर्च? शून्य. तक्त्यात हे दुसरं घर पहिल्यापेक्षा सुखरूप दिसतं.

बरं, उपचार का घेतला नाही, हाही रकाना आहे. तो विचारल्यावर त्या मजुराची बायको म्हणाली, "तसं काई लई नाई ताई, उचलताना तेवढं दुखतं." फॉर्मवर नोंद पडली: दुखणं गंभीर वाटलं नाही. फॉर्म मिटला, चहा आला, आणि कपबशी पुढे सरकवताना ती म्हणाली, "नांदेडला नेलं तर महिनाभर काम बंद. मग खायाचं काय?" या वाक्याला रकाना नव्हता. पैशाची अडचण असंही एक उत्तर त्या यादीत असतं, पण अनोळखी माणसासमोर ते पहिल्याच झटक्यात कोण सांगेल?

माझं निम्मं काम या शून्यांचं आहे. कुठलं शून्य निरोगी घरातलं आणि कुठलं उपचार टाळलेल्या घरातलं, हे वेगळं कसं काढायचं? गुंतागुंतीची गणितं आहेत, त्यांत तुम्हाला पाडत नाही. पण त्यातून निघणारी एक गोष्ट सरकारी बैठकांत पुनःपुन्हा सांगावी लागते. एखादी योजना आली आणि घरांचा सरासरी खर्च कमी झाला नाही, तर योजना फसली असं लगेच म्हणू नये. कालपर्यंत घरी बसून सोसणारा माणूस आज दवाखान्यात जायला लागला, तर ऑपरेशन फुकट असलं तरी एसटीचं भाडं, सोबतच्याचं जेवण, बुडालेली मजुरी हे सगळं पहिल्यांदाच हिशेबात येतं.

महाराष्ट्रात याची चाचपणी करायला चांगली संधी होती. मोठ्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना (आता महात्मा फुले जन आरोग्य योजना) २ जुलै २०१२ ला आधी आठच जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन्ही, शहर नि उपनगर. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं. उरलेल्या राज्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. म्हणजे मधल्या काळात नांदेडला योजना होती आणि लगतच्या परभणीत, लातुरात नव्हती. लोकांना हा अन्याय वाटतो. संशोधकाला तुलनेसाठी ती पर्वणी असते. आमच्या धंद्याची ही जरा निर्दयी बाजू आहे, लपवत नाही.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये तर गरिबांच्या सरकारी विम्यासाठी चक्क लॉटरी काढली, कारण अर्जदारांच्या मानाने जागा फार थोड्या होत्या. ॲमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना केली. दोनेक वर्षांनी विमा मिळालेल्यांत नैराश्य कमी होतं, दवाखान्यापायी होणारी पैशांची ओढाताण बरीच हलकी झाली होती. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. हे ऐकून माझे डॉक्टर मित्र विम्याला नावं ठेवतात. मला त्यात काही विपरीत दिसत नाही. विमा आधी कर्जावरचं औषध आहे, रक्तदाबावरचं नंतर.

डॉक्टरांवरून आठवलं. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात तालीम दिलेले खोटे रुग्ण खऱ्या दवाखान्यांत पाठवले. छातीत दुखतं, दमा आहे, घरी मुलाला जुलाब होताहेत, अशा ठरलेल्या तक्रारी घेऊन. एकच सरकारी डॉक्टर संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात बसला की जास्त वेळ द्यायचा, जास्त प्रश्न विचारायचा आणि योग्य उपचार द्यायची शक्यताही वाढायची. माणूस तोच, पदवी तीच. डॉक्टर नाहीत ही ओरड खरी असली, तरी असलेला डॉक्टर कशामुळे मन लावून काम करतो हा वेगळा प्रश्न आहे. त्यात मी फारशी शिरले नाही, तरुण सहकारी शिरलेत आणि माझ्यापेक्षा चांगलं करताहेत.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्यखर्चाच्या हिशेबानुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारचा खर्च वाढला हे खरंच आहे आणि त्याचं स्वागत करावं. पण घरांच्या खर्चाचा अंदाज त्याच २०१७-१८ च्या पाहणीवरून पुढे ओढलेला आहे, आणि त्या पाहणीत ती शून्यं तशीच बसलेली आहेत. म्हणून ३९.४ हा आकडा पाहून मी टाळ्याही वाजवत नाही आणि बोटंही मोडत नाही.

सध्या माझं लक्ष औषधाच्या दुकानांवर आहे. विमा बहुतेक दाखल झाल्यावरच कामाला येतो; रक्तदाबाच्या नि साखरेच्या गोळ्या मात्र महिनोन् महिने खिशातूनच घ्याव्या लागतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये तासभर उभं राहिलं तरी कात्रीचा आवाज कानावर पडत राहतो. दहा गोळ्यांची पट्टी, त्यातल्या चार कापून दे, बाकीच्या पगार झाल्यावर. दुकानदार उधारीच्या वहीत नावापुढे मांडून ठेवतो. पंधरा दिवसांच्या आठवणीवर चालणाऱ्या प्रश्नावलीत ही व्यक्ती "उपचार सुरू" अशी नोंदली जाते. मधल्या बिनगोळीच्या दिवसांचा पत्ताच लागत नाही. त्या वह्यांतल्या तारखांवरून हे खंड मोजता येतात का, ते बघते आहे. काही दुकानदार नावं झाकून वही दाखवायला तयार झालेत, काहींनी हाकलून लावलंय, आणि एकाने उलट मलाच विचारलं, मॅडम, ही उधारी वसूल कशी करायची त्याचं काही शास्त्र आहे का?