लांगटांगची तयारी : एक मुक्काम वाढवला

जून, पहिला आठवडा

ठरलं एकदाचं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत नेपाळ, आणि नेपाळमध्ये लांगटांग खोरं. मी, नवरा, नणंद आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी, असे चौघं. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा विषय घरात निघाला होता, पण तिकडे जायचं लुक्ला गावापर्यंतचं विमान हवेवर अवलंबून आणि आमची रजा मोजून बारा दिवसांची. लांगटांगला काठमांडूहून गाडीने एका दिवसात पायथ्याच्या स्याफ्रुबेसी गावात पोचता येतं. पहाटे निघायचं, त्रिशूली, धुंचे करत संध्याकाळपर्यंत मुक्कामाला.

स्याफ्रुबेसीची उंची साधारण १५०० मीटर आणि आपल्या कळसूबाईची १६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच माथ्याच्याही खालून आमची चाल सुरू होणार आणि क्यान्जिन री या माथ्याच्या ४७७० मीटरपर्यंत जाणार. हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसले.

जून, शेवटचा रविवार

आज बहुतेक वेळ गाईडच्या प्रश्नात गेला. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळाने परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाईड सक्तीचा केला आहे. नियम नसता तरी मी गाईड घेतलाच असता. हवा बदलली, कुणी आजारी पडलं, तर कुठल्या लॉजवर थांबायचं आणि कधी मागे फिरायचं हे त्या खोऱ्यात वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसालाच कळतं.

ट्रेक नेणाऱ्या तीन कंपन्यांकडून कार्यक्रम मागवले. तिन्ही जवळजवळ सारखेच : पहिली रात्र लामा होटेल, दुसरी लांगटांग गाव, तिसरी क्यान्जिन गोम्पा (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ). (लामा होटेल हे खरं तर जागेचंच नाव. थोड्याशा लॉजची वस्ती आहे तिथे.) लामा होटेल साधारण २४७० मीटरवर, लांगटांग गाव ३४३० वर. एका दिवसात झोपण्याची उंची साडेनऊशे मीटरने वाढते. पातळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून डॉक्टर सांगतात ते असं : ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर चढून या, हिशोब रात्रीचा धरायचा.

मी यावर अडून बसले, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी हिमाचलमध्ये एका ट्रेकला दुसऱ्याच रात्री डोकं फुटेल असं दुखलं, उलट्या झाल्या, आणि सकाळी सगळे निघाले म्हणून मीही निघाले. दुपारी पाय सरळ पडेनात. लीडरने शेवटी खाली आणलं, पण कार्यक्रमात राखीव दिवसच नव्हता. तेव्हा मी जोर लावते आहे असं समजत होते. शरीर थांब म्हणत होतं, हे मला नंतर कळलं.

तर मी तिघांनाही लिहिलं : लामा होटेल आणि लांगटांग गाव यांच्यामध्ये थांगश्यापला एक मुक्काम वाढवा. एकाने कळवलं, सगळे असंच करतात, काही होत नाही. एकाचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याने थेट गाईडशीच फोन जोडून दिला. ते म्हणाले, "दीदी, मलाही तेच बरं वाटतं, पण लोक दिवस कमी करा म्हणतात." आम्ही त्यांनाच पक्कं केलं.

जुलै

पावसातला सराव. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. पहिले दोन आठवडे रिकाम्या हाताने, आता पाठीवर सात किलो. पण पहिल्याच दिवशी लामा होटेलपर्यंत साडेनऊशे मीटरच्या वर निव्वळ चढ आहे, शिवाय वाटेतले उतार-चढाव वेगळे. एका सिंहगडाने ते भागत नाही. म्हणून या महिन्याच्या शेवटी एका सकाळी दोनदा चढलो. दुसऱ्या फेरीत नणंदेची गती माझ्यापेक्षा चांगली होती.

गुडघ्यांसाठी उतार महत्त्वाचा. ओल्या वाटेवर पाऊल सगळं टेकवून, काठीवर भार देत, न धावता उतरायचं. भाचीला हे पटवणं अवघड गेलं, पण तिसऱ्या रविवारी तिचीच मांडी भरून आली. सह्याद्रीत दम आणि पाय तयार होतात. पातळ हवेची सवय मात्र इथे होत नाही, ती तिथेच आणि रात्री मोजूनच व्हायची.

ऑगस्ट

तारखा बदलल्या. आम्हाला दिवाळीच्या सुट्टीतच निघायचं होतं. गाईडदाईंना (तिकडे मोठ्या भावाला दाई म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलोय) विचारलं, तर थोडे अडखळत म्हणाले, "भाईटीकाला बहिणी वाट बघतात." नेपाळमध्ये तिहारचा, म्हणजे तिकडच्या दिवाळीचा, शेवटचा दिवस भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीजच. आमच्या घरीही त्या दिवशी नणंद ओवाळतेच की! भाऊबीज दोन्हीकडे होऊ दे, मग निघू, असं ठरलं. ऑफिसात रजा पुढे ढकलायला जरा बोलावं लागलं. नोव्हेंबरच्या मध्यावर आकाश साधारण स्वच्छ असतं. थंडी वाढते, क्यान्जिनला रात्री पारा शून्याच्या खाली जातो, तेवढी तयारी ठेवायची.

कागदपत्रं : विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. नेपाळला जायला १५ ते ६५ वयाच्या माणसांचं आधार कार्ड चालत नाही, आणि भाचीकडे तेवढंच होतं. तिचा पासपोर्टचा अर्ज लगेच टाकला.

विमा घेताना उंचीची अट वाचा. काही पॉलिसींमध्ये ठराविक उंचीच्या वर ट्रेकिंग धरतच नाहीत. आम्ही ५००० मीटरपर्यंतची, हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च लिहून दिलेली घेतली. चेर्को री ४९८४ मीटरवर आहे, मन झालंच तर तेही त्यात बसतं. पण पहिलं लक्ष्य क्यान्जिन रीच.

सप्टेंबर, दुसरा आठवडा

कार्यक्रम कागदावर आला. स्याफ्रुबेसी, लामा होटेल, थांगश्याप (३१४०), लांगटांग गाव, क्यान्जिन (३८७०). तिथे तीन रात्री. मधल्या दोन दिवसांत पहिला दिवस गोम्पा, याकच्या दुधाचं चीज करणारा जुना कारखाना आणि हिमनदीच्या दिशेने सावकाश चाल. दुसऱ्या दिवशी पहाटे री. मग दोन दिवसांत खाली. एक दिवस मोकळा, गरज पडली तर वापरायचा.

लांगटांग गावातली रात्र मी मुद्दाम ठेवली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरच्या कड्यांवरून बर्फ आणि दगड कोसळून जुनं गाव गाडलं गेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांनी शेजारीच पुन्हा घरं आणि लॉज उभारले. त्यांच्याकडे जेवून, झोपून, पैसे देऊन पुढे जायचं, नुसता चहा घेऊन नाही.

भारवाहक दोघं. चौघांचं सामान मिळून चाळीस किलोच्या आत, म्हणजे एकाच्या पाठीवर वीसपेक्षा जास्त नाही. त्यांचा विमा आहे का, थंडीचे कपडे आणि बूट आहेत का, हे विचारून घेतलं. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भारतीयांना सार्क दराने १५०० नेपाळी रुपये, टिम्स कार्ड (ट्रेकरची नोंदणी) १००० रुपये. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे १.६०. पायवाटेवर एटीएम नाही, रोख काठमांडूतच घ्यायची. स्लीपिंग बॅग आणि डाऊन जॅकेट काठमांडूच्या ठामेल भागात भाड्याने.

सप्टेंबर, शेवटचा रविवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. उंचीचा त्रास टाळायच्या अॅसिटाझोलामाइड या गोळीबद्दल बोललो. सल्फा औषधांची अॅलर्जी कुणाला आहे का ते त्यांनी आधी विचारलं. नवऱ्याला आहे. म्हणजे त्याच्यासाठी गोळीचा आधार नाही, वाढवलेला मुक्काम हाच आधार. परतताना रिक्षात तो म्हणाला, "बरं झालं तू थांगश्यापवर अडून बसलीस."

रात्री दाईंचा आवाजी निरोप आला. थांगश्यापला दोन खोल्या सांगून ठेवल्यात, चुलीजवळच्या. शेवटी म्हणाले, "बिस्तारै, दीदी, बिस्तारै." म्हणजे सावकाश. भाचीने तो शब्द पेनने आपल्या पाण्याच्या बाटलीवर लिहून टाकला.

पुढच्या रविवारी पाठीवर नऊ किलो. पहाटे साडेपाचला आतकरवाडीत.