‘फोटो साभार: गूगल’

आज सकाळी एका भटकंतीच्या पेजवर मित्राने काढलेला कोकणकड्याचा फोटो दिसला. दरीत धुकं, पाठीमागे कोवळं ऊन आणि धुक्यावर उमटलेलं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्यासारखं कडं! हे दिसावं म्हणून माणसं पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या किती वाऱ्या करतात, हे ट्रेकवाल्यांना सांगायला नको. उजव्या कोपऱ्यातलं मित्राचं नाव मात्र पद्धतशीर कापलेलं. खाली ‘फोटो साभार: गूगल’.

फार राग आला. अहो, गूगल चित्र शोधून दाखवतं, ते काढत नाही! मित्राला फोन केला, तर म्हणाला, "जाऊ दे रे, कुणाकुणाशी भांडू?" हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आहे. फोटो काढला की हक्क आपोआप लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. कलाकृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलाय. आणि नुसतं नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

फोटो हवाच असेल तर विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या साइटवर बघा. प्रत्येक चित्राखाली परवान्याच्या अटी लिहिलेल्या असतात, बहुतेक वेळा नाव आणि परवान्याचा उल्लेख केला की भागतं. नाहीतर सरळ विचारा. हौशी फोटोग्राफर सहसा आनंदाने हो म्हणतात.

मित्राला विचारून त्या पेजला मेसेज टाकलाय, मूळ फोटोची लिंकही दिली आहे. उत्तराची वाट बघतोय.