क्वाड्रंट अपडेट: डाव्या टॉर्कचा काटा अखेर थांबला

मंडळी, काटा थांबला! एक्स-प्लेन या विमान-सिम्युलेटरसाठी मी केलेल्या क्वाड्रंटवर, म्हणजे सहा लिव्हरांच्या खोक्यावर, डाव्या इंजिनाच्या टॉर्कचा (प्रॉपेलर फिरवणाऱ्या जोराचा) काटा सारखा थरथरायचा. डावा पॉवर लिव्हर हजार फूट-पौंडांवर ठेवला की टॉर्क हजारावरच राहतो आणि उजवा काटा त्याच्या जोडीला येऊन बसतो. मागच्या वेळी तुम्ही सुचवलेलं सगळं करून पाहिलं होतं: कॉन्टॅक्ट क्लीनर, कपॅसिटर, नवीन पॉट (लिव्हरची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर), एक्स-प्लेनमधला डेडझोन (बारीक हालचालीकडे दुर्लक्ष करणारी सेटिंग). प्रत्येक उपायाने थोडे दिवस बरं वाटायचं आणि काटा पुन्हा थरथरायला लागायचा. रत्नागिरीत समुद्राकडची खिडकी उघडी ठेवून कार्बन ट्रॅकचे पॉट वापरायचे म्हणजे हे होणारच. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा त्यांना खातो.

एका इंजिनाच्या विमानात ही थरथर खपून जाते. सी-९० या दोन इंजिनांच्या विमानात नाही. वारा शून्य ठेवून चिपी विमानतळाच्या फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, आलं तरी नाक डावी-उजवीकडे डोलायचं, कारण दोन्ही बाजूंचा जोर क्षणाक्षणाला वेगळा. ट्विन नुकतंच शिकायला घेतलेल्या माणसाला पायाखाली नेमकं काय जाणवलं पाहिजे, तेच कळेनासं होतं.

म्हणून सहाही पॉट काढून एएस५६०० या चुंबकाचा कोन मोजणाऱ्या चिपा बसवायच्या ठरवल्या. लिव्हरच्या अक्षाच्या टोकाला चुंबक, समोर एक-दोन मिलिमीटरवर चिप, मध्ये काहीही घासत नाही. बोर्डांवर पारदर्शक वार्निशचा हात मारला, चिपचा माथा सोडून. इथवर सगळं झकास.

मग चुंबक आले आणि खरी रखडपट्टी सुरू झाली. लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला तरी आकडा जागचा हलेना. मध्येच उडी मारायचा, पुन्हा गप्प. अंतर कमी केलं, वाढवलं. चिप बदलली, वायरी बदलल्या, दुसरा प्रो मायक्रो (चिपचे आकडे संगणकाला देणारा छोटा बोर्ड) लावला. चुंबक किंचित बाजूला सरकवला की आकडा थोडा हलायचा, त्यामुळे वाटायचं की मध्य साधला नसेल. सुतारकाकांकडून फणसाच्या लाकडाचे नवे ठोकळे नेमक्या मापात करून आणले. तरीही तेच.

शेवटी चुंबकावरच संशय आला. या चिपला डायमेट्रिक चुंबक लागतो, म्हणजे चकतीचा अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चकत्यांची एक चपटी बाजू उत्तर असते आणि दुसरी दक्षिण. तशी चकती जागच्या जागी कितीही फिरवली तरी चिपच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या. मग ओळखायच्या कशा? मांडवीवरून मूठभर काळी वाळू आणली. तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण भरपूर असतात. चकतीवर कागद ठेवून वाळू भुरभुरली. डायमेट्रिक असती तर समोरासमोरच्या कडांना दोन झुबके उठले असते. इथे कडेने सगळीकडे सारखंच गोल कडं. पाकिटावर डायमेट्रिक छापलेलं आणि आत साध्या चकत्या! विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की चुंबक तर चिकटतोय ना. असल्या दुकानातून पुन्हा काही घेणार नाही. सुटे चुंबक स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, बोर्डाबरोबर चुंबक देणाराच विक्रेता गाठा. दुसरीकडून मागवलेल्या पाकिटावर आधी वाळूची परीक्षा घेतली. दोन झुबके दिसले तेव्हा इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवले.

पुढची अडचण माहीत होतीच. एएस५६०० प्रो मायक्रोशी आय-टू-सी या सामाईक तारांच्या बसवरून बोलते आणि तिचा पत्ता कारखान्यातच ठरलेला, हेक्स ३६, त्यामुळे सहा चिपा एका बसवर बोलू शकत नाहीत. माझा बेत अ‍ॅनालॉग आउटपुट, म्हणजे कोनाप्रमाणे बदलणारा व्होल्टेज, वापरायचा होता. तारा सोल्डर करून झाल्या आणि मग कागदावर हिशेब मांडला. लिव्हर फिरतो ६० अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा सहावा भाग. चिपच्या मूळ सेटिंगमध्ये प्रो मायक्रोच्या १०२४ पायऱ्यांपैकी हाती येतात जेमतेम १७०, आणि बीटा-रिव्हर्सच्या (प्रॉपची पाती सपाट किंवा उलटी करून वेग कमी करायच्या) १५ अंशांना त्यातल्या चाळीसेक. आय-टू-सीवर तेच ६० अंश ४०९६ च्या सहाव्या भागाने मोजले जातात, म्हणजे ६८० च्या वर. तारा परत काढल्या. टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर लावला, तो एका वेळी एकाच चिपला बसशी जोडतो. आठ चॅनेल, सहा लिव्हर, दोन शिल्लक. त्या दोनांवर आता रडर ट्रिम आणि एलेव्हेटर ट्रिमची चाकं घ्यावीत असं हे लिहिताना सुचतंय. ट्रिमचं चाक मात्र अनेक फेरे फिरतं, तेव्हा फेऱ्या मोजायचं काम कोडमध्ये करावं लागेल.

बीटाचं गेटही जमलं. आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत कमी जोरावर असताना, लिव्हर लोखंडी पट्टीवर अडतो, मूठ वर उचलल्याशिवाय मागे जात नाही. चिपीला चाकं टेकली, मूठ उचलली, खट्ट, आणि दोन्ही बाजू एकदम मागे. धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, रिव्हर्सची गरज नव्हती, पण तो खट्ट ऐकायला मी पुन्हा पुन्हा उतरले.

मग धावपट्टी २७ वरून उड्डाण, समोर समुद्र, आणि सरावासाठी डावं इंजिन बंद. क्रिटिकल तेच, म्हणजे ते गेलं की विमान सांभाळणं जास्त कठीण. उजवा पाय दाबला, पंख किंचित जिवंत इंजिनाकडे झुकवला, डावा पाय मोकळा म्हणून डावं मेलेलं हे ताडून पाहिलं, डावा प्रॉप लिव्हर मागे ओढून फेदर. सी-९०च्या पीटी६ इंजिनाच्या प्रॉपमधला तेलाचा दाब गेला की स्प्रिंग आणि काउंटरवेट पाती वाऱ्याला समांतर करतात. तो ओढ कमी झाल्याचा क्षण या वेळी पायाला स्पष्ट कळला. आधी तो थरथरीत हरवत होता.

आता बेत बदलतोय. पुढे ऑटोपायलट पॅनेल करणार होते, ते मागे ठेवते. आमच्या डोक्यावरून तटरक्षक दलाची डॉर्निअर २२८ जातात, कानपूरला एचएएलने बनवलेली, आणि त्यांचं टीपीई३३१ इंजिन पीटी६पेक्षा अगदी वेगळं. टर्बाइन आणि प्रॉप गिअरबॉक्समधून थेट जोडलेले, म्हणून जमिनीवरही ते कर्कश ओरडतं. उभ्या विमानाची पाती फेदरमध्ये नसतात, स्टार्ट लॉकवर (इंजिन सुरू करण्यासाठी पाती धरून ठेवणाऱ्या खिळीवर) सपाट अडकलेली असतात. लिव्हरही चारच: दोन पॉवर, दोन स्पीड. म्हणजे माझ्या क्वाड्रंटमधले दोन झाकून वरची प्लेट आणि मुठी बदलल्या की डॉर्निअर तयार. गेट मात्र नव्याने कापावं लागेल. कोणाकडे डॉर्निअरच्या पेडेस्टलचा (वैमानिकांमधल्या लिव्हरांच्या चौथऱ्याचा) समोरून घेतलेला, मापं काढता येतील असा फोटो असेल तर पाठवा. सुतारकाकांकडे फणसाची फळी अजून शिल्लक आहे.