घराला कॅमेरे लावताना: भिंतीला भोक पाडण्याआधी

लातूर जिल्ह्यातलं आमचं घर गावाच्या कडेला आहे. पूर्वेला फाटक, फाटकापासून ओसरीपर्यंत २२ फूट अंगण, उत्तरेला शेजाऱ्याच्या भिंतीला लागून चार फुटांचा बोळ, मागं बोअर आणि त्याच्याही पलीकडं ४५ मीटरवर पत्र्याचा गोठा. कॅमेऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती चॅनेलचा डीव्हीआर?" म्हणजे किती कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर. तो प्रश्न बाजूला ठेवून आधी टेप आणि वही घेऊन घराला चक्कर मारली. प्रत्येक जागेपुढं एकच गोष्ट लिहिली: इथं चेहरा पाहिजे, की कुणी आलं एवढं कळलं तरी भागतं? फाटक आणि ओसरीचं दार, दोन्हीकडं चेहरा. बोळ, बोअर आणि गोठ्याला माणूस दिसला तरी पुरे. म्हणजे कॅमेरे पाच, पण कामं दोन प्रकारची.

पुढचं गणित करायला कुणी बसत नाही आणि सगळी गडबड तिथंच होते. अनोळखी माणसाचा चेहरा पटण्यासाठी समोरच्या रुंदीच्या दर मीटरला चित्रात २५० पिक्सेल, म्हणजे ठिपके, लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. ईएन ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीतले हे आकडे आहेत. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी रुंदी साडेसात मीटरच्या आसपास असेल तोवरच चेहरा मिळणार. दुकानात सर्रास मिळते ती २.८ मिमीची लेन्स साधारण १०५ अंश पाहते, त्यामुळं ही रुंदी तीन मीटरवरच, म्हणजे १० फुटांवर भरते. त्यापुढं माणूस दिसतो, चेहरा नाही. "मग चार मेगापिक्सेल घ्या" हे उत्तर ठरलेलं असतं. चार मेगापिक्सेलला २५६० पिक्सेल मिळतात, त्यानं १० फुटांचे १३ फूट होतात. बस्स. तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर पिक्सेल बारीक झाले की अंधारातलं चित्र दाणेदार होतं, ते वेगळंच. तेच ६ मिमीची लेन्स घेतली तर पन्नासेक अंशच दिसतं, पण दोन मेगापिक्सेलवरही चेहरा २२-२४ फुटांपर्यंत हाताशी येतो. म्हणून ओसरीच्या खांबावरून फाटकाकडं ६ मिमी, दारावर २.८ मिमी आणि लांबट बोळाला ४ मिमी. बोळाचा कॅमेरा ९० अंशात फिरवून सेटिंगमध्ये चित्र उभं करून घेतलं, कारण आडव्या चित्रात दोन्ही बाजूंना नुसती भिंतच दिसते.

उंचीचा मोह सगळ्यांना असतो. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून कॅमेरा १५ फुटांवर नेतात आणि मग फुटेजमध्ये टोपी नाहीतर डोक्याचा रुमाल तेवढा येतो. चेहरा पाच-साडेपाच फुटांवर असतो. १० फूट लांब उभ्या माणसासाठी कॅमेरा १५ फुटांवर असेल तर तो जवळजवळ ४५ अंशात वरून बघतो. ८-९ फुटांवर असेल तर २० अंशांच्या आसपास. दाराचा कॅमेरा मी साडेआठ फुटांवर धरला. हाताला लागण्याची काळजी असेल तर त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा हवा. फाटकाचा कॅमेरा दाराच्या कॅमेऱ्याला पाहील अशी जागा आमच्याकडं नव्हती, म्हणून बोळाच्या तोंडाचा थोडा तिरका केला.

पूर्वेकडं तोंड म्हणजे सकाळी सूर्य समोर. कॅमेऱ्याला ट्रू डब्ल्यूडीआर (लख्ख ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असला तरी सूर्य चौकटीत आला की माणसाची काळी सावली उरते. त्यामुळं कॅमेरा खाली झुकवून चित्राच्या वरच्या कडेला फाटकाची कमान आणली, आभाळ ठेवलंच नाही.

भोक पाडण्याआधी रात्रीची चाचणी करायचीच. बांबूला कॅमेरा बांधायचा, लांब लॅन केबलनं पीओई स्विचला (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देणारा डबा) जोडायचा आणि अंधार पडल्यावर घरातल्या कुणाला तरी फाटकातून नेहमीच्या चालीनं आत यायला सांगायचं. एकदा पायी, एकदा दुचाकीचा हेडलाइट लावून. लाइव्ह चित्र पाहून खुश व्हायचं नाही. रेकॉर्डिंग थांबवून एकेक फ्रेम बघायची. शटर आपोआपवर असेल तर रात्री ते १/२५ सेकंदावर येतं आणि चालत्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो. १/१०० केलं की रेष धरते, पण प्रकाश कमी पडतो. त्यावर उपाय फाटकाच्या खांबावर ९ वॅटचा एलईडी. हजारांनी महाग कॅमेऱ्यापेक्षा हा बल्ब जास्त काम करतो, असं माझं मत आहे.

याच चाचणीत कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडचा, म्हणजे रात्री लागणाऱ्या अदृश्य उजेडाचा, उलटा परतणारा झोतही दिसतो. पत्र्याची वळचण किंवा चुन्याची भिंत चौकटीच्या कडेला आली की जवळचं पांढरंफेक होतं आणि लांबचं काळं पडतं. कॅमेरा कडेपासून दीड फूट पुढं, ब्रॅकेटवर काढला की हे जातं. गोल काचेचा डोम मी बाहेर कुठंच घेतला नाही; आपल्याकडच्या धुळीचा थर त्या काचेवर बसला की रात्री सगळं धुकट. बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (गोल काच नसलेला, गोळ्यासारखा) बरा. इन्फ्रारेडला किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि जाळ्याचा एक धागा रात्रभर मोशन अलार्म वाजवतो. काठीला फडकं बांधून अधूनमधून पुसणं, याला पर्याय नाही.

आता तार. ३+१ केबल (चित्राची एक आणि वीज-आवाजाच्या तीन तारा एकत्र) आणि वीज पुरवणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस हे स्वस्तातलं काम घराजवळ ठीक चालतं. ४५ मीटरवर मात्र हिशोब बघा: ०.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन सुमारे ३ ओहम रोध येतो. रात्री इन्फ्रारेड लागल्यावर कॅमेरा अर्धा अँपिअर ओढतो, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेले. बाजारातली तार याहून बारीक, त्यातून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, तिथं घट दुपटीवर जाते. दिवसा झकास आणि दिवेलागणीनंतर बंद-चालू होणारा कॅमेरा दिसला की समजायचं, दोष व्होल्टेजचा आहे. मी पीओई घेतलं. तिथं व्होल्टेज ४८च्या घरात असतं, त्यामुळं घट किरकोळ ठरते; एका ओढीला मर्यादा १०० मीटर. कॅट-६ घेताना टोक चाकूनं खरवडून आत पांढरी तार निघते का ते पाहायचं.

गोठ्यापर्यंत मात्र तांब्याची तार नेलीच नाही. मे महिन्यातल्या अवकाळीत आपल्याकडं विजा कशा पडतात ते सांगायला नको. उघड्यावरून गेलेल्या लॅन केबलमधून विजेची लाट आली की स्विच, रेकॉर्डर, राउटर सगळं एकदम जातं. दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल प्रकाशात बदलणारा डबा) आणि मधे फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेची तार, टाकली. गोठ्यातल्या लाइटवर तिकडचा कन्व्हर्टर आणि कॅमेरा चालतो. लाइट गेली की तो बंद पडतो, ते मी चालवून घेतलं. घराकडचे चार कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ५०-६० वॅट होतात, ते इन्व्हर्टरवर आहेत.

जुन्या माळवदाच्या भागाची भिंत दगड-मातीची, दोन फूट रुंद. मातीच्या सांध्यात स्क्रूची गिट्टी धरत नाही. तिथं भोक आरपार पाडून पीव्हीसी पाइप घातला, बाहेरच्या तोंडाला खाली उतार दिला आणि कॅमेऱ्याची पट्टी लाकडी चौकटीच्या वर बसवली. केबल आत शिरण्याआधी तिचा खाली लोंबता वळसा ठेवायचा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. लॅन केबलच्या टोकाच्या आरजे-४५ जोडाला जलरोधक टोपी लागते. ती डब्यातच येते आणि बसवणारे हमखास डब्यातच ठेवून जातात.

रेकॉर्डर पत्र्याखालच्या खोलीत नको, उन्हाळ्यात हार्डडिस्क भाजून निघते. एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीवर कॅमेऱ्यामागं २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर पाच कॅमेऱ्यांचे दिवसाला १०८ जीबी होतात. २ टीबीच्या डिस्कवर अठरा दिवस मावतात.

बोळाच्या चौकटीत शेजाऱ्यांची खिडकी येत होती. प्रायव्हसी मास्कनं तेवढा भाग काळा केला आणि चित्र त्यांना नेऊन दाखवलं. मूळ पासवर्ड बदलला, राउटरवर पोर्ट उघडलं नाही, घड्याळ इंटरनेटच्या वेळेवर लावलं. घड्याळ चुकीचं असेल तर फुटेजवर पहिला आक्षेप त्यावरच येतो. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं, आणि बऱ्याच रेकॉर्डरना पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट केलेलाच चालतो.