चोक सोडला की बंद पडते?

वर्षभर उभी असलेली कार्बोरेटरची बाइक चोकवर (तो मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो) चालते आणि चोक सोडताच बंद पडते, तर पहिला संशय पायलट जेटवर, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरमधल्या छोट्या पितळी जेटवर. पेट्रोल उडून गेल्यावर उरलेला चिकट थर त्याचं केसाएवढं भोक बुजवतो. कार्ब क्लीनर मारा, हवेचा झोत द्या. तार खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट बादच. तरीही तेच? इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या रबरावर, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरावर, थोडा क्लीनर फवारा (गरम सायलेन्सरपासून लांब, भडकतो तो). आरपीएम (इंजिनाचे फेरे) बदलला तर रबर चिरलंय.

एवढं करूनही जमलं नाही, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी भरलं, तर प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाहीतर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील). हेड उघडण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मात्र तपासा.